वजा झालेली माणसं

'ओसरी' संस्थेच्या प्रयोगशाळेत शोधूनही रक्ताचा थेंब सापडणार नाही, असं डॉ. निनाद हुपरीकर येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना अभिमानाने सांगत. सुई नाही, कापसाचा बोळा नाही, स्पिरिटचा वास नाही. सांगलीबाहेर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंचवट्यावर बांधलेल्या त्या पांढऱ्या इमारतीत फक्त काचेच्या नळ्या होत्या आणि नखाएवढ्या चकत्या होत्या. माणसाच्या श्वासातले गंधरेणू या चकत्यांना ओळखू येत. त्या एका डबीत बसवून हुपरीकरांनी 'श्वासपारख' तयार केली होती. संस्थेच्या गृहारोग्यसेविका ती डबी पिशवीत टाकून घरोघरी जात, घरातल्या प्रत्येकाला नळीत फुंकर मारायला लावत आणि आजार अंगात पाय पसरायच्या आतच त्याचा कान धरत. क्षयाची किती माणसं या डबीने वाचवली होती, मूत्रपिंडाची किती! आता योजना राज्यभर जायची होती. सरकारी निर्णयावर फक्त सही राहिली होती.

अशा शुभवेळी रुबिना शिकलगार मांजरासारखी आडवी आली.

रुबिना संस्थेची संख्याशास्त्रज्ञ. वय कोवळं, बोलणं मोजकं, आणि चूक दिसली की ती बोलून दाखवल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. तिने खुर्चीसुद्धा ओढली नाही.

"सर, विणकर वसाहतीतली तीन माणसं रुग्णालयात आहेत. तिघांच्याही पायाला जखमा. मधुमेह, आणि तोही जुना. कित्येक वर्षांचा असावा म्हणतात."

"मग?"

"तिघंही आपल्याकडचे. महिन्याच्या महिन्याला तपासलेले. दर वेळी निर्मळ."

'निर्मळ' म्हणजे श्वासात काहीही दोष नाही. संस्थेतला हा सगळ्यात आवडता शब्द होता. हुपरीकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यंत्र बिघडलं असेल."

"सकाळीच मागवून घेतलं. प्रमाणित वायूवर तपासलं. यंत्र ठणठणीत आहे." रुबिनाने हातातला कागद टेबलावर ठेवला. "सर, मी मुळापासून मांडते. कुठे चुकले तर थांबवा."

"मांड."

"घरातली हवा कधी कोरी नसते. फोडणी असते, उदबत्ती असते, वसाहतीत तर मागाच्या सुताला लावलेली खळ असते. माणूस ती हवा दिवसभर घेतो, ती त्याच्या रक्तात मुरते आणि श्वासातून परत येते. नुसता त्याचा श्वास मोजला तर रोग कुठला आणि फोडणी कुठली, कळत नाही. बाटलीतला वायू इथे कामाचा नाही, कारण त्या घरातली फोडणी त्याला माहीतच नाही. म्हणून आपण दुसरं शरीर घेतो. सेविका थोडा वेळ त्याच घरात बसते, तीच हवा घेते. आधी ती फुंकते, मग घरातला माणूस. त्याच्या श्वासातून तिचा श्वास वजा केला की घर गळून जातं. राहतो तो फक्त रोग."

"बरोबर. सेविका म्हणजे आपलं शून्य."

"पण सर, वजाबाकीला डोळे नसतात. सेविकेच्या श्वासात जे जे आहे ते सगळंच वजा होतं. तिलाच साखरेचा आजार असला, तर समोरच्याचा साखरेचा आजारही त्याबरोबर वजा होणार. तो निर्मळ दिसणार."

हुपरीकर हसले. हा प्रश्न त्यांनी संस्था उभी करतानाच सोडवला होता.

"म्हणूनच दरवर्षी शून्यपरीक्षा असते ना! प्रत्येक सेविकेचा श्वास मूळ शून्याशी ताडून पाहतो आपण. फरक आला की श्वास ढळला. त्याच दिवशी तिला कामावरून मोकळं करतो. या वसाहतीत कोण आहे?"

"सारिका भंडारे. दरवर्षी उत्तीर्ण."

"मग आजारी नाही ती. दुसरं काहीतरी आहे." हुपरीकर उठून खिडकीशी गेले. "ती घरात जाते, गप्पा छाटते आणि नळीत दोन्ही वेळा स्वतःच फुंकते. सेविका वजा सेविका. उत्तर काय?"

"शून्य," रुबिना म्हणाली. आजारी सेविका आणि लबाड सेविका, दोघींचे आकडे अगदी सारखेच दिसतात, हे तिला खिडकीकडे न जाताही कळलं होतं.

"रक्ताचा एक थेंब घेतला तर लगेच कळेल," ती म्हणाली.

"नाही." हुपरीकर एकदम वळले. "आपलं यंत्र खरं की खोटं ते सुईला विचारायचं? उद्या मुंबईत कुणी विचारलं, की सेविकेची प्रकृती तुम्ही कशी ओळखली, तर काय सांगू? मी स्वतः जातो तिच्याबरोबर. मी शून्य होतो, ती फुंकेल. फरक आला तर आजारी, नाही आला तर लबाड. इतकं साधं आहे."

ते साधंच होतं. मूळ शून्य म्हणजे खुद्द हुपरीकरच होते. सुरुवातीला पाच शास्त्रज्ञांच्या श्वासाची सरासरी काढून मूळ शून्य ठरवलं होतं आणि पाचांचंही रक्त तेव्हा बाहेरच्या दवाखान्यात तपासून घेतलं होतं. पुढे एक निवृत्त झाला, एक परदेशी गेला, एक वारला, एक भांडून गेला. राहिले हुपरीकर. त्यांचं रक्त पुन्हा तपासावं, असं रुबिनाने एकदा सुचवलंही होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "सोनं कसोटीवर घासतात गं. कसोटी कशावर घासायची?" सगळे हसले होते. रुबिनाही हसली होती, कारण साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं असतं.

चार-पाच दिवसांनी हुपरीकर विणकर वसाहतीत गेले. सारिका भंडारे चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली बाई. तिच्या मागोमाग बोळातून चालताना त्यांना मंत्र्यामागून चालल्यासारखं वाटलं. दर दारातून कुणी ना कुणी हाक मारत होतं. कुणाच्या सुनेचे दिवस भरले, कुणाच्या म्हाताऱ्याने पुन्हा तंबाखू धरली, सगळं तिला ठाऊक होतं. ही बाई घरात जात नसेल असं म्हणायला जीभ रेटेना, पण घरात जाणं वेगळं आणि नळी पुढे करणं वेगळं, असं हुपरीकरांनी स्वतःला बजावलं.

रुग्णालयातून नुकताच घरी आलेला आप्पा आवळे पायाला पट्टी बांधून बाजेवर बसला होता. त्याला पाहताच सारिकाचा आवाज उतरला.

"आप्पा, पाय कसा हाय?"

"हाय तिथंच हाय. अंगठा गेला खरं. डाक्तर म्हणाला, लवकर आला असता तर ऱ्हायला असता." मग तिच्याकडे बघून घाईघाईने म्हणाला, "तुझा न्हाई गं दोष त्यात. या साहेब, बसा. च्या टाक गं!"

त्याच्या बायकोने चहा टाकलाच होता. ओसरीच्या नियमावलीत पहिल्याच पानावर होतं: सेविकेने कोणत्याही घरी काही खाऊ-पिऊ नये. नुकत्याच प्यालेल्या चहाने श्वासाचं मोजमाप हलतं, हे शास्त्र होतं आणि ते हुपरीकरांनीच लिहिलं होतं. समोर आलेल्या कपाला त्यांनी हात आडवा केला.

"मी घेत नाही."

आप्पाच्या बायकोचा हात तसाच राहिला. आप्पा हसला, पण ते हसू काही गालापर्यंत पोचलं नाही.

"असू दे गं. ऱ्हाऊ दे. आमच्यातलं चालत न्हाई पुष्कळास्नी. सवय हाय आमाला."

हुपरीकरांच्या कानशिलात ऊन शिरल्यासारखं झालं. 'तसं नाही हो' असं त्यांना म्हणायचं होतं. गंधरेणूंचं सांगायचं होतं. पण त्या खोलीत, त्या म्हाताऱ्यापुढे ते शास्त्र सांगणं म्हणजे आणखी एक सबब पुढे करणं होईल, असं वाटून ते गप्प बसले. कप उचलून एक घोट घ्यायचा, एवढंच करायचं होतं. तेही त्यांच्याकडून झालं नाही. सारिकाने हात पुढे करून त्यांचा कप घेतला, "साहेबांचा उपास असतोय," म्हणाली आणि दोन्ही कप रिकामे केले. चहा पाकासारखा गोड होता. या वसाहतीत पाहुण्याच्या चहात साखर कमी घालणं म्हणजे पाहुण्याची किंमत कमी करणं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "साहेब, नियम मोडला, माहीत आहे मला. पहिल्या वर्षी मीपण हात आडवा केला होता. पुढच्या महिन्यात दारंच उघडली नाहीत. ज्या दिवशी चहा घेतला त्या दिवशी यांनी मला घरात घेतलं."

"किती घरी घेता?"

"ज्यांच्याकडे जाते त्या सगळ्यांकडे. एकाकडे घ्यायचा आणि दुसऱ्याकडे नाही, असं चालतं का?"

हुपरीकरांनी मनात टिपून ठेवलं: एक नियम बिनदिक्कत मोडणारी बाई दुसराही मोडेल. चहाचा परिणाम उतरेपर्यंत ते वसाहतीच्या समाजमंदिरात बसून राहिले. मग त्यांनी आधी स्वतः फुंकर मारली, नंतर तिला मारायला लावली. डबीवरच्या काट्याने जागा सोडली नाही. फरक शून्य. ती निरोगी होती. मग त्यांनी स्वतःला शून्य धरून वसाहतीतल्या दहा-बारा माणसांचे श्वास घेतले. तेही निर्मळ निघाले. आप्पाचा श्वास घेऊन उपयोग नव्हता, औषध सुरू झालं की श्वास निवळतो. म्हणजे वसाहत धडधाकट होती आणि ज्या तिघांचा आजार निसटला त्यांना या बाईने कधी फुंकायलाच लावलं नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यांना राग आला नाही. हायसं वाटलं. यंत्र दोषातून सुटलं होतं.

आठवड्याच्या बैठकीला संस्थेच्या सभागृहात सगळ्या सेविका जमल्या होत्या. हुपरीकरांनी सारिकाला उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. खोट्या फुंकरा. तीन माणसांचे पाय. एकाचा अंगठा. ते बोलत असताना सारिका आधी गोंधळली, मग इकडेतिकडे बघू लागली. दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं असावं असं तिला वाटलं असेल.

"मी फुंकलं नाही साहेब. त्यांनाच लावत होते. विचारा कुणालाही वसाहतीत."

"वसाहत तुमचीच बाजू घेणार. तुम्ही त्यांचा चहा पिता."

सभागृहात कुणीतरी खुसकन हसलं. सारिकाचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"मग माझं रक्त तपासा. हल्ली मला लई तहान लागते, रात्रीचं उठावं लागतं. मीच आजारी असेन. तपासा की."

आता फक्त एक थेंब घ्यायचा होता. पहिल्या बाकावर बसलेली रुबिना उठून उभी राहिली होती. हुपरीकरांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"तुमचा श्वास मी स्वतः तपासलाय," ते म्हणाले. "तुम्ही आजारी असता तर मला कळलं असतं."

सारिकाने पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. अंगातला संस्थेचा निळा डगला काढला, नीट घडी करून डबीशेजारी ठेवला. दाराशी पोचल्यावर वळून म्हणाली, "आप्पानं मला दोष दिला नाही, साहेब. तुम्ही दिलात." आणि गेली. बैठक पुढे चालू झाली.

काही दिवसांनी रुबिना पुन्हा खोलीत आली. या वेळी खुर्ची ओढून बसली. तिच्या हातात जुन्या पद्धतीचं साखर मोजायचं उपकरण होतं. ते मिळवायला तिला फार फिरावं लागलं होतं. श्वासपारख आल्यापासून जिल्ह्यातल्या औषधाच्या दुकानांनी त्याच्या पट्ट्या ठेवणंच सोडून दिलं होतं.

"मी सारिकाताईंच्या घरी गेले होते. तुम्हाला न विचारता." तिचा आवाज सरळ होता. "साखर तीनशेच्या वर आहे. तीन वेळा बघितली. डॉक्टर म्हणतात, आजची नाही, बरीच जुनी आहे."

"शक्य नाही. मी तिला मोजलंय."

"हो."

"मी शून्य होतो. तिने फुंकलं. फरक शून्य आला."

"हो, सर."

रुबिनाने उपकरण टेबलावर मधोमध ठेवलं. हुपरीकर आयुष्यभर वजाबाकी करत आले होते. समोर मांडलेली ही वजाबाकी सोडवायला त्यांना एक क्षणही लागायला नको होता, तरी ते कितीतरी वेळ टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. सारिकाच्या अंगात साखर आहे. सारिका वजा हुपरीकर शून्य आहे.

त्यांनी बोट पुढे केलं.

त्या प्रयोगशाळेत सांडलेला तो पहिला रक्ताचा थेंब. उपकरणाने दाखवलेला आकडा सारिकाच्या आकड्याचा सख्खा भाऊ होता.

कुठून आली ही साखर, ते शोधायला लांब जायला नको होतं. नियम सेविकांना होता, संस्थापकाला नव्हता. गेली कित्येक वर्षं सत्कार चालले होते. गावोगाव पेढे, बासुंदी, शाल, श्रीफळ, आणि आग्रह करकरून वाढलेली जिलबी. आप्पाच्या घरचा एक कप चहा ज्यांना गंधरेणूंमुळे चालला नाही, त्यांना आमदारांच्या घरची बासुंदी बिनतक्रार चालली होती. हे ध्यानात येताच हुपरीकरांना अशी लाज वाटली की रुबिनासमोर बसवेना. ते उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिथेही आरशासारखी काच होती.

सारिका भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. हुपरीकर दारात उभे राहिले तेव्हा ती डोक्याला फडकं बांधून धान्य निवडत बसली होती. तिने 'या' म्हटलं नाही.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "तुम्ही खोटं बोलत नव्हता. आजारी मी आहे. तुमच्या आजारातून माझा आजार वजा झाला आणि मला काहीच दिसलं नाही."

ती सूप खाली न ठेवता ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं मी लोकांच्या दारात नळी घेऊन गेले. माझ्या दारात कुणी आलं नाही."

"हो."

"मी म्हणत होते, रक्त बघा. एवढंसं बोट टोचायचं होतं."

"मला भीती वाटली," हुपरीकर म्हणाले. हे शब्द त्यांनी ठरवून आणले नव्हते. "तुम्ही आजारी निघाल तर यंत्र खोटं ठरेल, याची. तुम्ही लबाड निघालात तर बरं, असं मला मनातून वाटत होतं."

सारिकाने सूप बाजूला ठेवलं.

"मला काढलं ते चार भिंतींत काढलं नव्हतं, साहेब. सगळ्या बायका होत्या. आता दारात येऊन हळू आवाजात सांगताय. हे तिथं सांगा."

तिथे सांगणं किती अवघड आहे, हे त्यांना घरी परतताना कळलं. चूक झाली म्हणायला काही लागत नाही. शास्त्रात चुका होतातच, तसं म्हणण्यात एक मोठेपणासुद्धा असतो. पण 'मी एका बाईचं नाव स्वतःच्या डबीसाठी बुडवलं' हे वाक्य त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं तर शेवटच्या शब्दापर्यंत पोचता येईना.

तरी त्यांनी ते म्हटलं. त्याच सभागृहात, त्याच बायकांसमोर. सारिका मागच्या रांगेत, निळ्या डगल्याशिवाय बसली होती. हुपरीकरांनी वाक्य पुरं केलं, मुंबईला योजना थांबवायचं पत्र कालच पाठवल्याचं सांगितलं आणि रुबिनाला खूण केली. रांगेने सगळ्या सेविका पुढे आल्या. एकेकीने बोट पुढे केलं. थोड्या वेळाने रुबिनाने आकडे बोलणं सोडून दिलं, नुसतीच उपकरण पुढे धरू लागली. सगळ्याच साखरेच्या आजारी. जी घरोघरी चहा घेत होती तीही, आणि गेल्या महिन्यात लागलेली, अजून एकाही घरचा चहा न प्यालेली मुलगीसुद्धा.

"ही तर नवीन आहे," कुणीतरी म्हणालं.

हुपरीकर व्यासपीठाच्या कडेवरच बसले. नवीन मुलीची निवड त्यांच्याच श्वासाशी ताडून झाली होती. उमेदवारांमधून जिचा श्वास त्यांच्या श्वासाशी जुळला, तीच घेतली होती. बाकीच्या चांगल्या, धडधाकट मुली 'सदोष' म्हणून परत पाठवल्या होत्या.

"सर," रुबिना त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली. "आणि मग ज्यांना आपण शून्यपरीक्षेत काढलं, त्या?"

दरवर्षी दोघी-चौघींचा श्वास ढळायचा. हुपरीकर त्यांना खोलीत बोलावून गंभीरपणे सांगत, तुमच्या अंगात काहीतरी शिरलं आहे, उपचार घ्या. त्यांची साखर वर्षागणिक चढत गेली होती आणि ज्या बायका त्यांच्याबरोबर चढल्या त्या शून्य ठरल्या होत्या. फरक आला तो फक्त त्यांच्यात, ज्या होत्या तशाच राहिल्या. ज्यांनी नियमावलीचं पहिलं पान पाळलं, दारोदार हात आडवा केला, लोकांची बोलणी खाल्ली आणि चहा घेतला नाही, त्यांना त्या नियमानेच आजारी ठरवून बाहेर काढलं होतं.

त्यांतली पहिली पूनम मगदूम. ती बुधगावला सासरी राहते असं कळलं. हुपरीकर एकटेच गेले. रुबिना येते म्हणाली, पण तिला नको म्हणाले.

पूनमने दार उघडलं, त्यांना ओळखलं आणि चटकन दोन पावलं मागे सरून पदर तोंडावर धरला.

"लांबूनच बोला सर. तुम्हाला तर माहितीच आहे माझं."

"अजून औषध घेता?"

"औषध कशाचं देणार? किती डॉक्टर झाले. रक्तात काही नाही, छातीत काही नाही. सगळे म्हणतात, श्वासपारख खोटं बोलत नाही, आत खोल कुठेतरी असेल. म्हणून मीच जपते. माझं ताट-वाटी वेगळं आहे. काढलं तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. त्याच दिवशी दूध तोडलं."

ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. संस्थेने शिकवलेली काळजी आपण किती नीट घेतली, ते आपल्या साहेबांना सांगत होती. हुपरीकरांनी दाराची चौकट धरली.

"पूनमताई, तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हाही नाही आणि आताही नाही. जे झालं होतं ते मला."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. मूळ शून्य, पेढे, बासुंदी, वजाबाकी. तिने शेवटपर्यंत ऐकलं. ती आता पदर खाली घेईल असं त्यांना वाटलं. तिने घेतला नाही. आतल्या खोलीतून एक सहा-सात वर्षांची मुलगी बाहेर आली आणि आईपासून हातभर अंतर राखून उभी राहिली. तिला तशी सवयच होती.

"ही माझी मुलगी," पूनम पदराआडून म्हणाली. "तिला मी काय सांगू, ते तुम्हीच सांगून जा, सर."